जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर बदलायचेत, कुठले घेऊ?

पेटीतला_आवाज

मामांनी घर बदलताना त्यांचे थ्री-वे स्पीकर (खर्जाला वूफर, मधल्या सुरांना मिडरेंज, वरच्यांना ट्वीटर) माझ्याकडे सोपवले. वय चाळिशीच्या पुढे. मागच्या पट्टीवर ८ ओहम, ६० वॅट, क्रॉसओव्हर ८०० हर्ट्झ आणि ४.५ किलोहर्ट्झ एवढं वाचता येतं, बाकी पुसलंय. डावा झकास वाजतो. उजव्यावर मात्र कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटतं. झांज वाजली की डावीकडे लखकन चमकते, उजवीकडे नुसती ‘थप’ होते.

वूफर काढून आत डोकावलो. प्लायवूडच्या तुकड्यावर क्रॉसओव्हर, म्हणजे या तिघांत आवाज वाटून देणारं सर्किट: तीन कॉइल, तीन कपॅसिटर आणि एक सिमेंटचा रेझिस्टर. कपॅसिटरवर ३.३, २२ आणि ३३ ‘एमएफडी’, शेजारी ‘एनपी’ आणि ५० व्ही. ३.३ वाला ट्वीटरच्या वाटेत आहे, २२ वाला मिडरेंजच्या, आणि ३३ वाला वूफरला समांतर. मागच्या बाजूला ट्वीटरची पातळी कमीजास्त करायचा एक खटका-बटण प्रकार आहे, तो दोन्हीकडे पूर्ण वर ठेवलाय.

इतके जुने इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर सरळ बदलून टाकावेत असं सगळेच सांगतात. पण जागी काय घालायचं यावर दोघांचं एकमत होत नाही. प्लास्टिक फिल्मचे घेऊ, पॉलिप्रॉपिलीन? पॉलिएस्टर? परत इलेक्ट्रोलिटिकच? व्होल्टेज किती? सोल्डरिंग येतं, गणित जेमतेम येतं.

रेशमी_ट्वीटर

यात विचार कसला करताय? सगळे पॉलिप्रॉपिलीन घाला. ट्वीटरला तर फॉइलवालाच घ्या, पैशाकडे बघू नका. आणि प्रत्येकाला ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा बायपास, म्हणजे जोडीचा कपॅसिटर, समांतर लावा. पडदा उघडल्यासारखा आवाज मोकळा होतो. इलेक्ट्रोलिटिक म्हणजे कारखान्याने पैसे वाचवायला घातलेली चीज, त्यात परत कशाला जायचं?

शून्य_डेसिबल

थांबा थांबा. आधी मोजा, मग खरेदी.

कपॅसिटरचं एक पाय सर्किटमधून सुटं करा. सुटं केल्याशिवाय मोजलंत तर कॉइल आणि स्पीकर समांतर येतात आणि मीटर काहीही आकडा दाखवतो. साध्या मल्टिमीटरवर फक्त कपॅसिटन्स कळेल, ते अर्धंच दुखणं आहे. दुसरं अर्धं म्हणजे इएसआर, कपॅसिटरच्या पोटातला रेझिस्टन्स. त्यासाठी एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टन्स मोजणारा) मिळवा, कुणाकडून उसना आणला तरी चालेल. वूफर-मिडचे १ किलोहर्ट्झला मोजा, ट्वीटरचा १० किलोहर्ट्झला. ट्वीटरच्या कपॅसिटरचं काम चार-पाच किलोहर्ट्झच्या वर आहे, त्याची १ किलोहर्ट्झवर परीक्षा घेण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रोलिटिकचा इएसआर फ्रीक्वेन्सीनुसार बराच बदलतो.

दोन्ही पेट्या मोजा. तुमचं नशीब असं की डावा बरा आहे, म्हणजे तुलनेला नमुना घरातच आहे.

जुना_रेडिओवाला

एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरडच, मिलि नव्हे. जुन्या मालावर तसंच छापायचे. एनपी किंवा बीपी म्हणजे ज्याला प्लस-मायनस नाही असा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच. आत दोन्ही पट्ट्यांवर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून उलटसुलट करंट सोसतो.

हे सांगतोय कारण पोरवयात मी एनपी मिळाला नाही म्हणून साधा प्लस-मायनसवाला ठोकून दिला होता. वाजला की! तासभर छान वाजला. मग कार्यक्रम रंगला, कुणीतरी आवाज वाढवला, आणि कंडेन्सर फुगून टोपीतून फुस्स. वास दोन दिवस गेला नाही. अगदीच अडलं तर दोन सारखे घेऊन मायनसला मायनस जोडायचे, दोन टोकांना दोन प्लस. पण मग कपॅसिटन्स निम्मा होतो, ४७ चे दोन जोडले की साडेतेवीस. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

आणि अंकांमागची अक्षरं बघा: जे म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, के म्हणजे १०, एम म्हणजे २०. ३३५के लिहिलं असेल तर ३.३ मायक्रोफॅरड, दहा टक्के. नवीन माल घेताना कामी येईल.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडेही अशीच एक जोडी माळ्यावर पडली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

ओहमताई

@रेशमी_ट्वीटर, तुमचा सल्ला मी तीन वर्षांपूर्वी जसाच्या तसा अमलात आणला होता, बायपाससकट. टू-वे जोडी, ट्वीटरला ६.८ चा एनपी होता. तो काढून महागातला पॉलिप्रॉपिलीन घातला. पहिला तास हरखून ऐकलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानात टाचणीसारखा टोचायला लागला. आठवड्याभरात मी ऐकणंच बंद केलं.

कारण नंतर कळलं. जुन्या कपॅसिटरचा इएसआर हा त्या सर्किटचाच एक भाग होता. ज्याने क्रॉसओव्हर आखला त्याने तो कपॅसिटर लावूनच आवाज जुळवला असणार. मी तो रेझिस्टन्स जवळपास शून्यावर आणला आणि ट्वीटर वर आला. शेवटी कपॅसिटरच्या जोडीला ०.४७ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घातला आणि टोचणं थांबलं. वाईट एवढंच वाटतं की जुने कपॅसिटर न मोजता फेकले. ते मोजले असते तर अंदाजाने चाचपडावं लागलं नसतं.

रेशमी_ट्वीटर

टोचत असेल तर दोष ट्वीटरचा. आणि तुम्ही शंभर तास वाजवून ‘रुळू’ दिलं नसणार.

ओहमताई

रुळले ते माझे कान असते हो, कपॅसिटर नव्हे. :)

शून्य_डेसिबल

बायपासचं गणित करूनच टाकू. १० मायक्रोफॅरडला ०.१ समांतर जोडला की १०.१ होतो, म्हणजे एक टक्का वाढ. क्रॉसओव्हरच्या बिंदूपाशी याने पातळी डेसिबलच्या एक दशांशाइतकीही हलत नाही. जुन्या, चढलेल्या इएसआरच्या इलेक्ट्रोलिटिकवर बायपास लावल्याने थोडाफार फरक पडू शकतो, पण चांगल्या पॉलिप्रॉपिलीनला पॉलिप्रॉपिलीनचाच बायपास म्हणजे कपड्याला त्याच कापडाचं ठिगळ.

आता प्रकारांबद्दल. कपॅसिटर किती ऊर्जा वाया घालवतो त्याचा आकडा म्हणजे टॅन डेल्टा, मीटरवर ‘डी’ दिसतो तोच. १ किलोहर्ट्झला चांगल्या पॉलिप्रॉपिलीनचा साधारण ०.०००५ च्या आत, पॉलिएस्टरचा ०.००५ च्या आसपास, एनपी इलेक्ट्रोलिटिकचा ०.०३ पासून ०.१ पर्यंत. १० मायक्रोफॅरडची रिअ‍ॅक्टन्स १ किलोहर्ट्झला १५.९ ओहम, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला तेवढा अडथळा. तिला एनपीच्या ०.०५ ने गुणा की इएसआर मिळतो, ०.८ ओहम. पॉलिप्रॉपिलीनचं गुणून बघा, हजारांशात उत्तर येतं. ओहमताईंचा ‘स’ का टोचला ते इथेच दिसतं. साधा पॉलिप्रॉपिलीन आणि त्याच्या दसपट भावाचा फॉइलवाला यांच्यातला फरक मात्र या आकड्यांमध्ये शोधूनही सापडत नाही.

पेटीतला_आवाज

एलसीआर मीटर मिळाला. कपॅसिटरचं एकेक पाय सुटं करून मोजलं.

डावा: ३.३ चा आला ३.४८, १० किलोहर्ट्झला डी ०.११. २२ चा २२.९. ३३ चा ३५.१.
उजवा: ३.३ चा ४.१५, डी तब्बल ०.४२. २२ चा २४.८. ३३ चा ४१.८.

एक कोडं आहे. जुने कपॅसिटर सुकून आकडा कमी होईल असं मला वाटलं होतं. इथे तर सगळे वाढलेत. म्हणजे दणकट झालेत का?

जुना_रेडिओवाला

म्हातारपणी वजन वाढलं म्हणून कुणी दणकट होतं का! ऑक्साइडचा थर पातळ झाला की कपॅसिटन्स वाढतो आणि सोबत गळतीही वाढते. सुकला की इएसआर चढतो. उजवीकडच्या ३.३ ला दोन्ही लागलंय.

शून्य_डेसिबल

सुंदर मोजमाप. आता यातून इएसआर काढू. १० किलोहर्ट्झला ३.४८ ची रिअ‍ॅक्टन्स ४.५७ ओहम, गुणिले ०.११, म्हणजे डावीकडे ०.५ ओहम. उजवीकडे ३.८४ गुणिले ०.४२, म्हणजे १.६ ओहम.

ट्वीटर ८ ओहमचा धरला तर ०.५ ओहमने पातळी अर्धा डेसिबल उतरते आणि १.६ ओहमने साधारण १.६ डेसिबल. दोन्ही पेट्यांत फरक एका डेसिबलचा. गणित ढोबळ आहे, पण इथे तेवढं पुरतं.

आणि इथेच मला शंका येते. एका डेसिबलने आवाज जरा मंद वाटेल, गोधडी टाकल्यासारखा वाटणार नाही. तुमचं वर्णन तीन-चार डेसिबलचं आहे. म्हणजे कपॅसिटर दोषी आहे पण एकटा नाही. माझे संशयित दोन. एक, ट्वीटर स्वतः: कॉइलच्या फटीत फेरोफ्लुइड भरलेला असेल तर तो वर्षानुवर्षांत घट्ट होतो आणि घुमटाला हलू देत नाही. दोन, तुमचं ते पातळीचं बटण.

ऑर्डर द्यायच्या आधी दोन्ही ट्वीटर एकमेकांच्या पेटीत घालून बघा. मंदपणा ट्वीटरबरोबर डावीकडे गेला तर ट्वीटर, उजव्या पेटीतच राहिला तर पेटीतलं काहीतरी.

ओहमताई

बटणावर माझी पैज. एआर-३ए हे १९६७ चे प्रसिद्ध स्पीकर घ्या, त्यांच्यातली पातळीची पॉटं (फिरवायची बटणं) गंजण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. लोक बिचाऱ्या मेणकागदाच्या खोक्यातल्या कपॅसिटरना शिव्या देत बसतात आणि निम्मा आवाज पॉटमध्ये अडकलेला असतो.

पेटीतला_आवाज

ट्वीटर बदलून ऐकलं. मंदपणा उजव्या पेटीतच राहिला! म्हणजे ट्वीटर दोन्ही ठीक.

मग बटण उघडलं. आत तारेचं वेटोळं आणि त्यावर फिरणारा पितळेचा हात. वेटोळ्याच्या टोकाला, म्हणजे ‘पूर्ण वर’ जिथे हात टेकतो तिथे, हिरवट-काळी पुटं. मीटर लावला: डावीकडे ०.१ ओहम, उजवीकडे २.९, आणि बोटाने दाबलं की आकडा नाचतो.

शून्य_डेसिबल

मिळाला चोर. १.६ आणि २.९ मिळून साडेचार ओहम. ८ ओहमच्या ट्वीटरपुढे ते जवळपास ३.९ डेसिबल खातात. डाव्यापेक्षा साधारण ३.४ ने कमी. तुमची गोधडी ती हीच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीसेक वेळा पूर्ण फिरवा. तरी आकडा नाचला तर नवीन ८ ओहमचं एल-पॅड (पातळीचं बटण) घाला.

ओहमताई

पैज जिंकले. :)

रेशमी_ट्वीटर

मान्य, बटण होतं. पण कपॅसिटर बदलायचेच आहेत ना? मग चांगले घाला एवढंच माझं म्हणणं.

शून्य_डेसिबल

बदलायचेच. ४१.८ वर गेलेला ३३ चा कपॅसिटर वूफरची कातर (फ्रीक्वेन्सी कापण्याची हद्द) खाली ओढतो, दोन पेट्या एकसारख्या कशा वाजतील? आता एकेक घेऊ.

३.३, ट्वीटर: इथे पॉलिप्रॉपिलीन, ५ टक्क्यांचा किंवा त्याहून चांगला. साधा, मध्यम दर्जाचा. सोबत सिरीजमध्ये ०.४७ ओहमचा रेझिस्टर, कारण तुमच्या बऱ्या राहिलेल्या डाव्या पेटीत ०.५ निघाला आणि नव्या अवस्थेत तो फार वेगळा नसावा. रेझिस्टर कपॅसिटरच्या आधी की नंतर याने फरक पडत नाही. पण तो समांतर कॉइलच्या अलीकडेच हवा. कॉइलच्या पलीकडे, ट्वीटरच्या तोंडाशी लावलात तर तो इएसआरची जागा घेत नाही, कातरीचा आकार बदलतो.

२२, मिडरेंज: इथे मी पॉलिएस्टर घेईन. आकाराने आटोपशीर असतो. पॉलिप्रॉपिलीन घेतलात तरी हरकत नाही, फक्त मग इथेही ०.२-०.३ ओहमचा विचार करा.

३३, वूफरला समांतर: नवीन एनपी इलेक्ट्रोलिटिक. लाजू नका. ८०० हर्ट्झला त्याची रिअ‍ॅक्टन्स ६ ओहम, तिथे ०.३ ओहमच्या इएसआरने काही बिघडत नाही. गुळगुळीत फॉइलवाले एनपी मिळतात, खरखरीत फॉइलवाल्यांपेक्षा त्यांचा तोटा कमी असतो, ते मिळाले तर उत्तम.

व्होल्टेजचं भय बाळगू नका. ६० वॅट ८ ओहममध्ये म्हणजे २२ व्होल्ट आरएमएस (परिणामकारक सरासरी), शिखर ३१ व्होल्ट. ५० व्ही पुरतं होतं, १०० व्ही घेतलंत की निर्धास्त. फिल्मवर २५० किंवा ४०० व्ही लिहिलेलं असेल तर आवाज त्या आकड्याने सुधारत नाही, फक्त डबा मोठा होतो.

आणि जोडीतले दोन एकमेकांशी जुळवा. थोडे जास्त मागवून मोजून जोड्या लावल्यात तर ब्रँडपेक्षा ते जास्त ऐकू येईल.

रेशमी_ट्वीटर

वूफरला परत इलेक्ट्रोलिटिक, माझ्या जिवाला लागलं. पण आकड्यांपुढे काय बोलणार.

जुना_रेडिओवाला

जागेचंही बघा. ३३ चा पॉलिप्रॉपिलीन म्हणजे मोठ्या टॉर्चच्या सेलएवढा धोंडा, एनपी अंगठ्याच्या पेरांत बसतो. जे काही घालाल ते केबल टायने बांधा आणि खाली गरम गोंद लावा, नाहीतर वूफर दणदणला की पायातून तुटतो. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लावू नका, तांबं खातो.

कॉइल मात्र जागच्या हलवू नका. एकमेकींना काटकोनात बसवलेल्या असतात ते उगाच नाही, एकीचं क्षेत्र दुसरीत शिरू नये म्हणून. आणि ‘चांगल्या’ कॉइल घालायच्या मोहात तर मुळीच पडू नका. त्यांच्या तारेचा रेझिस्टन्सही आखणीतच धरलेला असतो.

वाचनमात्र

माळ्यावरची जोडी खाली काढली. जेबीएल एल-१०० आहे. इथल्यासारखं तीन-तीन कॉइलचं जंजाळ असेल म्हणून घाबरत उघडली, तर आत दोनच कपॅसिटर, ८ आणि ३! वूफरच्या वाटेत काहीच नाही. काही हरवलंय का?

शून्य_डेसिबल

काही हरवलेलं नाही, ते मूळचंच तसं आहे. १९७० च्या त्या आखणीत वूफर थेट वाजतो आणि वरची कातर त्याच्या स्वतःच्या घडणीवर सोडली आहे. आधी मोजा आणि तुमचा वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

पेटीतला_आवाज

दोन आठवड्यांनी धागा वर आणतोय. बटणं साफ केली, उजवं ०.२ ओहमवर आलं आणि आता नाचत नाही. कपॅसिटर वर ठरल्याप्रमाणे बदलले, रेझिस्टर कॉइलच्या अलीकडे. सहा-सहा मागवून जोड्या जुळवल्या, ३.३ चे दोन ३.३१ आणि ३.३२ मिळाले.

रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि मापनाचा माइक घेऊन दोन्ही पेट्या आळीपाळीने एकाच स्टुलावर, एकाच जागी ठेवून मोजल्या. माइक ट्वीटरच्या रेषेत अर्ध्या मीटरवर. ६ किलोहर्ट्झच्या वर दोन्ही रेषा एकमेकींवर पडतात, अर्ध्या डेसिबलच्या आत. झांज दोन्हीकडे चमकते.

पण उजव्या पेटीत साडेचार किलोहर्ट्झला एक खोल खड्डा आलाय. पंधरा डेसिबल तरी असेल. डावीकडे नाही. ऐकताना गाणाऱ्याचा आवाज उजवीकडे पोकळ वाटतो. परत कपॅसिटर बिघडला का? काल-परवाच तर घातला!

ओहमताई

खड्डा बरोबर क्रॉसओव्हरच्या बिंदूवर आहे. ट्वीटरच्या तारा बघा.

शून्य_डेसिबल

अगदी. ट्वीटर अदलाबदल करून परत बसवताना उजवीकडे काही बदललंत का?

पेटीतला_आवाज

अरेच्चा. बदललं नाही, ‘दुरुस्त’ केलं! उजव्या पेटीत लाल तार ट्वीटरच्या मायनसला होती. मला वाटलं मामांनी कधीतरी चुकून उलटी लावली, म्हणून मी सरळ केली. डाव्या पेटीत आता बघितलं तर तिथेही लाल मायनसलाच आहे. घाईत तिथली तशीच परत खोचली होती.

शून्य_डेसिबल

मामा निर्दोष. कपॅसिटर सिरीजमध्ये आणि कॉइल समांतर, म्हणजे तुमची कातर ‘सेकंड ऑर्डर’ची, दोन घटकांची. अशा कातरीत त्या बिंदूवर मिड आणि ट्वीटरच्या लाटा एकमेकींच्या १८० अंश विरुद्ध येतात, म्हणून आखणारा त्यातला एक मुद्दाम उलटा जोडतो. सरळ केलात की दोघं एकमेकांना खोडतात आणि खड्डा पडतो. परत उलटी करा.

पेटीतला_आवाज

केली. परत मोजलं. खड्डा गायब, डावी-उजवी एकसारखी. पुढच्या माणसाने ती तार परत ‘दुरुस्त’ करू नये म्हणून पेटीच्या आत पेनाने लिहून ठेवलंय: लाल तार मायनसला, हात लावू नये. जुने सहाही कपॅसिटर आकडे चिकटवून एका पिशवीत ठेवलेत, ओहमताईंसारखं नको व्हायला.

ओहमताई

शाब्बास. त्या पिशवीवर स्पीकरचं नावही लिहा, दोन वर्षांनी ती कशाची आहे ते आठवत नाही. अनुभव आहे.